टेंडर भरायच्या आधी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान फाउंड्रीच्या ऑफिसात, म्हणजे वजनकाट्याशेजारच्या खोलीत, मी तीन कागद टेबलावर ओळीने मांडले. जुन्या ट्रेड लायसन्सवर गाव ‘बेळगाम’, जीएसटीच्या सर्टिफिकेटवर ‘बेळगावी’. कारखान्याचं नाव एकीकडे ‘इंजिनीअरिंग वर्क्स’, दुसरीकडे ‘इंजि. वर्क्स’. बँकेच्या पासबुकात तर नुसतं मालकांचं नाव, तेही आडनाव आधी आणि पुढे दोन आद्याक्षरं.

“अहो, माणूस एकच आहे की,” फाउंड्रीचे मालक अण्णा म्हणाले. “अख्ख्या उद्यमबागेला ठाऊक आहे.”

उद्यमबागेला आहे. पण टेंडरची छाननी करणारा उद्यमबागेत बसत नाही. तो तुमची भट्टी बघायला येत नाही की तुमचं कास्टिंग वाजवून बघत नाही. त्याच्यासमोर स्कॅन केलेले कागद असतात आणि त्यावरून तुम्ही एक आहात की तीन, हे त्याला ठरवायचं असतं. शंका आली की तो फोन करत बसत नाही. ‘टेक्निकल’मध्ये, म्हणजे रेट उघडण्याआधीच्या कागदांच्या छाननीत, नापास असं लिहितो आणि पुढचा लखोटा उघडतो. तुमचा रेट सगळ्यांत कमी होता की नव्हता, हे कुणाला कळतसुद्धा नाही.

मी लहान कारखान्यांचे हिशेब आणि टेंडरचे कागद बघतो. ‘रेट किती टाकूया?’ हा प्रश्न घेऊन लोक शेवटच्या दोन दिवसांत येतात. तो प्रश्न खरं म्हणजे सगळ्यांत शेवटचा आहे. त्याच्या आधीचं काय काय, ते इथे सांगतो.

गिऱ्हाइकं कमी नाहीत. महानगरपालिका, कँटोन्मेंट बोर्ड, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, सांबऱ्याचं हवाई दलाचं केंद्र, मच्छेचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, हेस्कॉम (आपली वीज कंपनी), जिल्हा पंचायत (आपल्या इथे परिषद नाही, पंचायत), आणि दोन तासांवर हुबळीत दक्षिण-पश्चिम रेल्वेचं मुख्यालय. या सगळ्यांना गटारीची झाकणं लागतात, बाकं लागतात, वायरिंग, छपाई, चादरी, झाडलोट, जेवण लागतं. यातलं बरंच काही वडगाव, मच्छे, खानापूर, निपाणीत बनतं. तरी पुरवठा करणारा पुष्कळदा बाहेरचा असतो, कारण त्याचे कागद तयार असतात.

दार कुठलं?

राज्य सरकार आणि त्याच्या हाताखालच्या संस्थांची टेंडरं कर्नाटक पब्लिक प्रोक्युअरमेंट पोर्टलवर येतात. सगळे केपीपीपी म्हणतात. त्यामागचा कायदा १९९९ चा, सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा, बोलताना ‘केटीपीपी’. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या तयार माल आणि सेवा घेतात त्या जेमवरून, म्हणजे २०१६ साली सुरू झालेल्या सरकारी ई-बाजारातून. रेल्वेचं आयआरईपीएस हे पोर्टल वेगळं. लष्कराच्या बांधकामांसाठी एमईएसकडे, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याकडे, ठेकेदार म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं.

तीन-चार ठिकाणी एकदम घुसू नका. माल बनवत असाल तर जेम, बांधकाम किंवा वायरिंग करत असाल तर केपीपीपी, अशी सुरुवात पुरे.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, कारण यात हमखास गल्लत होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण आहे. त्यात केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीतला निदान २५ टक्के माल अशा उद्योगांकडून घ्यायचा असतो; त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, ३ टक्के महिलांकडून. टेंडरचा फॉर्म फुकट, अनामत रक्कम माफ. पण हे केंद्राचं धोरण आहे. महानगरपालिकेच्या टेंडरला ते आपोआप लागू होत नाही. तिथे त्या टेंडरात जे लिहिलंय तेच खरं. राज्याच्या कामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के वाटा ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांत राखून ठेवलेला असतो, तो वर सांगितलेल्या केटीपीपी कायद्यातून आलेला. केंद्राची अनामतमाफी धरून अनामत न भरता राज्याचं टेंडर टाकलं आणि पहिल्याच चाळणीत गळलं, असं मी दोनदा पाहिलंय.

आणि ही केंद्राची सवलत बनवणाऱ्यासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी आहे. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, पण टेंडरमधली ही सवलत मिळत नाही.

कागद एका नावाचे करा

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे. आधार आणि पॅनवर होते, एक पैसा लागत नाही. पैसे घेणारी ‘उद्यम’ नावाची वेबसाइट दिसली तर ती सरकारची नाही, तिथून बाहेर पडा. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असली तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. म्हणजे उद्यमबाग, मच्छे, होनगा इथले बहुतेक लहान कारखाने सूक्ष्ममध्येच बसतात. काही जण ‘आम्ही लघु’ असं मोठेपणाने सांगतात, ते कशाला कळत नाही.

आता नावं. एकट्या मालकाच्या कारखान्याचं कायदेशीर नाव म्हणजे मालकाचं पॅनवरचं नाव. कारखान्याची पाटी हे व्यापारी नाव. जीएसटीच्या सर्टिफिकेटवर दोन्ही वेगळ्या ओळीत असतात. उद्यमवर, बँकेत, ट्रेड लायसन्सवर, पीएफला, सगळीकडे तेच व्यापारी नाव अक्षराला अक्षर जुळवून घ्या. ‘इंजि.’ असेल तिथे ‘इंजिनीअरिंग’ करा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं, म्हणून जुन्या कागदांवर बेळगाम राहिलंय. ते चालतं, पण जे बदलता येतं ते बदला आणि उरलेल्यासाठी ‘ही दोन्ही नावं एकाच उद्योगाची’ असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आपल्याकडे मराठी शाळेच्या दाखल्यावर तीन शब्दांचं पूर्ण नाव असतं आणि इथल्या रेकॉर्डमध्ये आद्याक्षरं आधी येतात, त्यामुळे हे प्रतिज्ञापत्र सीमाभागातल्या माणसाला जवळजवळ सगळीकडेच लागतं.

सीएच्या उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन नंबर, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख नंबर, आहे का बघा. तो नसलेला दाखला म्हणजे नुसतं शिक्का मारलेलं पान.

डिजिटल सही, म्हणजे पेन ड्राइव्हसारखं ते टोकन, क्लास थ्री असावं लागतं. सहीचं आणि एन्क्रिप्शनचं, दोन्ही. इथे माझीच चूक सांगतो. एका वर्कशॉपचं टोकन संपलं होतं, मी नवं करून आणलं, मला वाटलं झालं काम. नवं टोकन पोर्टलवर पुन्हा नोंदवावं लागतं, हे डोक्यातून गेलं. शेवटच्या दिवशी चार वाजता बंद होणाऱ्या टेंडरला मी पावणेचारला सही करायला बसलो. स्क्रीनवर ‘सर्टिफिकेट जुळत नाही’. पुढची पंधरा मिनिटं मी काय काय केलं ते लिहीत नाही. त्या मालकाने मला चहा पाजला आणि एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

कन्नडमधली जाहिरात वाचायची कशी

केपीपीपीवरचे मूळ दस्तऐवज पुष्कळदा इंग्रजीत असतात, पण पेपरातली जाहिरात, पालिकेच्या फलकावरची नोटीस, शुद्धिपत्र कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेले बरेच जण ती बघून पान उलटतात. खरं तर त्यातले शब्द आपल्याच घरातले आहेत. ‘लकोटे’ म्हणजे लखोटा. ‘भद्रता ठेवणी’ म्हणजे सिक्युरिटी डिपॉझिट, ठेवीचीच ठेवणी झाली. ‘दरपट्टी’ म्हणजे कोटेशन. ‘गुत्तिगेदार’ म्हणजे ठेकेदार, आपला गुत्तेदारच तो. ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. फसवणारा शब्द एकच, ‘कामगारी’: त्याचा कामगारांशी संबंध नाही, रस्ता-इमारतीच्या कामाला म्हणतात. आणि ‘अल्पावधी टेंडर प्रकटणे’ दिसलं तर समजा, थोड्या दिवसांची मुदत दिलेली नोटीस आहे. तयारी नसेल तर या वेळचं सोडा. एवढे दहा-बारा शब्द भिंतीवर लावले तरी निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी शेजारी कन्नड वाचणारा कुणीतरी असतोच की.

बांधकामवाल्यांसाठी थोडं गणित

पीडब्ल्यूडीत ठेकेदारांचे वर्ग असतात, खालचा चौथा. वायरिंगला विद्युत निरीक्षकांकडचं लायसन्स वेगळं. पण खरी अडचण असते अनुभवाची. केंद्राच्या कामांत सर्वसाधारण कसोटी अशी: अंदाजित रकमेच्या ४० टक्के किमतीची सारखी तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक पूर्ण केलेलं असावं, आणि गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल ३० टक्के.

मोठ्या कामांत आणखी एक असते, ‘बिड कपॅसिटी’. गेल्या पाच वर्षांत एका वर्षात केलेलं सगळ्यांत जास्त काम, गुणिले या कामाची वर्षं, गुणिले टेंडरात दिलेला आकडा (कुठे दीड, कुठे दोन, कुठे अडीच), आणि त्यातून हातात असलेली बाकी कामं वजा. समजा तुमचं सर्वांत मोठं वर्ष ४० लाखांचं, नवं काम एका वर्षाचं, आकडा दीड. झाले ६० लाख. हातात २५ लाखांचं काम बाकी आहे. म्हणजे तुमची ताकद ३५ लाखांची. ४० लाखांचं टेंडर तुमच्यासाठी नाही, रेट कितीही कमी टाका.

इथे आपली जुनी सवय आडवी येते. अर्धं काम बिलाशिवाय, उलाढाल कमी दाखवायची, टॅक्स वाचवायचा. जो टॅक्स वाचला तो वाचला. पण ते काम कुठल्याच कागदावर नाही, म्हणून अनुभव नाही, म्हणून टेंडर नाही. दुसऱ्याच्या हाताखाली पोटठेका घेऊन केलेल्या कामाचंही तसंच. त्याचं बिल आणि मूळ ठेकेदाराचं पत्र मागून घ्या, काम चालू असतानाच. संपल्यावर कुणी फोन उचलत नाही.

रेट

आता अण्णांच्या झाकणांकडे येऊया. गटारीच्या बिडाच्या झाकणांना आयएस १७२६ हे मानक आहे. त्यात भार सोसण्याच्या प्रतवाऱ्या आहेत: एलडी २.५, एमडी १०, एचडी २०, ईएचडी ३५, म्हणजे तितक्या टनांचं परीक्षण. टेंडरात ‘एचडी २०’ लिहिलं असेल आणि तुम्ही गल्लीत बसवतो त्या एमडीच्या हिशेबाने रेट टाकला, तर टेंडर लागेल, पण घर विकून झाकणं द्यावी लागतील. म्हणून आधी शेवटपर्यंत वाचायचं: प्रतवारी, वजन, किती ठिकाणी उतरवून द्यायचं, परीक्षण कुणाच्या खर्चाने. जेमवर तर टाकलेल्या किमतीत जीएसटी, भाडं, पोहोच सगळंच आलं.

समजा ऑर्डर दहा लाखांची, जीएसटी वेगळा. पिग आयर्न, भंगार, कोक, मोल्डिंग, मजुरी, रंग धरून कारखान्यात खर्च ८ लाख ६० हजार. कागदावर नफा १ लाख ४० हजार. बरं वाटतं.

आता त्यातून चार गोदामांपर्यंतचं भाडं आणि उतराई २८ हजार. परीक्षण १२ हजार. शंभरात तीन नग नापास होऊन परत ओतावे लागले, २६ हजार. कागदपत्रं, फेऱ्या, ५ हजार. आणि जे कुणीच धरत नाही ते व्याज: ८ लाख ६० हजार चार महिने अडकले, बँक ११ टक्के घेते, झाले साडे एकतीस हजार. एकूण १ लाख अडीच हजार गेले. उरले साडे सदतीस हजार, दहा लाखांवर. उशिराचा दंड साधारण आठवड्याला अर्धा टक्का असतो, म्हणजे पाच हजार. साडेसात आठवडे उशीर झाला की तुम्ही फुकटात काम केलं.

रोख पैशाचं वेगळंच. १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ८० हजार. सरकारने तुम्हाला पैसे दिले नसले तरी बिल काढलंत की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तो भरायचा. इनपुट क्रेडिट, म्हणजे कच्चा माल घेताना आधीच भरलेला जीएसटी, वजा केलं तरी काही हजार खिशातून जातात. अडीच लाखांवरचा करार असला की सरकार बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं, तो तुमच्या जीएसटी पोर्टलवरच्या खात्यात (कॅश लेजरला) जमा होतो, बुडत नाही, पण हातात येत नाही. पाच टक्के सिक्युरिटी वॉरंटी संपेपर्यंत अडकलेली. बांधकामाच्या बिलातून आयकराचा टीडीएस, कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर, वाळू-खडीची रॉयल्टी हेही वजा होऊन येतं.

म्हणून माझं मत, पटो न पटो: लहान कारखान्याला टेंडर हुकल्याने फारसा धक्का बसत नाही, चुकीचं टेंडर लागल्याने बसतो. ‘एकदा आत शिरूया, मग बघू’ म्हणून तोट्यात रेट टाकणारे पुढच्या वर्षी दिसत नाहीत.

केंद्राच्या टेंडरात लहान उद्योगाला आणखी एक संधी आहे. सगळ्यांत कमी रेट मोठ्या कंपनीचा आला आणि तुमचा त्यापेक्षा १५ टक्क्यांच्या आतच जास्त असेल, तर त्यांच्या रेटला यायला तयार झाल्यास २५ टक्के मालाची ऑर्डर तुम्हाला देतात. त्यांचं झाकण १० हजारांचं, तुमचं ११,२०० चं. बोलावणं येतं, १० हजाराला देता का? इथे वरचा हिशेब तयार असेल तर पाच मिनिटांत हो किंवा नाही म्हणता येतं.

सीमेपलीकडे

शिनोळी बेळगावपासून अर्ध्या तासावर, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. बेळगावच्या कितीतरी लोकांचे तिथे कारखाने आहेत. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. पॅन एक असला तरी नोंदणी दोन. टेंडर भरताना माल कुठून जाणार ते ठरवा आणि त्याच नंबरने भरा. २९ ने टेंडर आणि २७ चं बिल असं झालं की बिल टेबलावरच राहतं. उद्यम नोंदणी मात्र उद्योगाला एकच. दुसरं युनिट तिच्यातच जोडायचं. बेळगावातून कोल्हापूर जिल्ह्यात माल दिला तर आयजीएसटी लागतो, आणि कंपोझिशन स्कीममध्ये (लहान उद्योगांनी उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरायची योजना) असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. महाराष्ट्राच्या टेंडरांकडे भाषेच्या ओढीने बघणाऱ्यांनी आधी हे बघावं.

पैसे अडकले तर

जेमवर माल मिळाल्याचा स्वीकार झाला की दहा दिवसांत पैसे, असं कागदावर आहे. एमएसएमई कायदा २००६ चा; त्यात स्वीकारापासून जास्तीत जास्त ४५ दिवस. माल पोहोचल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर स्वीकार झाला असं धरतात. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. वसुलीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी, नंतर धावपळ करून उपयोग नाही. पोहोचेच्या पावतीवर तारखेचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय पंधराही मोजता येत नाहीत आणि पंचेचाळीसही.

टेंडर अन्यायाने दुसऱ्याला गेलं असं वाटलं तर केटीपीपीखाली आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. लोक करत नाहीत, ‘उद्या पुन्हा त्यांच्याकडेच जायचंय’ म्हणून. त्यांचंही चूक नाही.

अण्णांनी त्या पावसाळ्यातलं टेंडर सोडलं. हिशेब मांडल्यावर स्वतःच कागद घडी करून खिशात घातला. कागद दुरुस्त व्हायला अडीच महिने लागले, बँकेनेच सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. मग एक लहान ऑर्डर घेतली, बावीस झाकणांची. पैसे एकसष्टाव्या दिवशी आले. आता त्यांच्याकडे काम पूर्ण केल्याचा एक दाखला आहे, लॅमिनेट करून ठेवलाय, आणि त्यावर ‘इंजिनीअरिंग’ पूर्ण लिहिलेलं आहे.